परत न्यायचा सोफा

गोष्ट एकोणीसशे एक्क्याण्णव सालची. त्या साली घरात सोफा येऊन सहा वर्षं झाली होती आणि अजून त्याच्या कापडाला कुणाचा हात लागला नव्हता.

दुकानातून ज्या जाड प्लॅस्टिकमध्ये तो आला, त्यातच तो होता. उन्हाळ्यात त्याला पाय चिकटत, थंडीत तो बर्फासारखा गार पडे, आणि बसल्या जागी जरा हललं की असा किंचाळे की आलेला माणूस ओशाळून उभा राही. घरातली माणसं आपली घडीच्या खुर्च्यांवर बसत.

"प्लॅस्टिक काढायचं नाही हं," आई म्हणे. "परत जाताना न्यायचाय."

परत न्यायच्या वस्तूंनी ते परदेशातलं भाड्याचं घर गच्च भरलं होतं. पलंगाखाली मिक्सर, कपाटावर काचेचा सेट, दाराआड गुंडाळलेला गालिचा शिपायासारखा उभा. चहा मात्र कान तुटलेल्या कपातून. बाबा दर वर्षी जाहीर करत, "ह्या उन्हाळ्यात नक्की परत जायचं." दादाला घरात सगळे बॅरिस्टर म्हणत, कारण वाद घातल्याशिवाय तो मीठसुद्धा पुढे करत नसे. तो विचारी, "कुठल्या उन्हाळ्यात? इकडच्या की तिकडच्या?"

धाकटी ह्या वादात पडत नसे. इथे आली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. आता ती वीस वर्षांची होती आणि जुने सोफे, खुर्च्या दुरुस्त करायच्या दुकानात कामाला जात होती. दुकानाची मालकीण म्हणजे थोराड बाई. तोंडात सदा खिळे धरलेले, त्यामुळे रागवायची तेही ओठ न हलवता. धाकटीचं नाव तिने दाभण ठेवलं होतं: बारीक, सरळ आणि टोचणारी.

एक दिवस मालकिणीने खिळे तोंडातून काढून हातावर घेतले. म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"माझे गुडघे गेले. दुकान कुणाच्या तरी हाती द्यायला हवं. तू राहणार असशील तर सगळं शिकवते. जाणार असशील तर सांग, मी दुसरी बघते."

"सुट्टीनंतर सांगू? आई आणि मी घरी जाऊन येतोय."

"घरी?" मालकीण म्हणाली. "मग रोज संध्याकाळी इथून जातेस ते कुठे?"

खिळे परत तोंडात गेले.

हाच प्रश्न उशाशी घेऊन ती मायदेशी काकांच्या घरी उतरली. परदेशात लोक विचारत, "मूळची कुठली?" इथे लोक विचारत, "परत कधी?" बरोबरीची चुलतबहीण तर तिला पाहुणीच म्हणू लागली. धाकटी कप विसळायला उठली की तो हातातून काढून घेई. "असू दे गं पाहुणे, तुम्ही बसा." लहानपणी याच बहिणीने तिच्या झिंज्या उपटल्या होत्या. आता नुसतं 'तुम्ही बसा'!

दुपारी काकूने मोठ्या अभिमानाने मागची खोली उघडली. "बघा ताई, जसं ठेवून गेलात तसं."

खोलीत पलंग होता. परदेशी निघायच्या जरा आधी आई-बाबांनी हौसेने घेतलेली फोमची गादी त्यावर होती, जाड प्लॅस्टिकमध्ये, सुतळीने आवळलेली. पलंगाशेजारी जमिनीवर एक चटई.

"आणि तू कुठे झोपतेस?" धाकटीने बहिणीला विचारलं.

"ह्या चटईवर. लहानपणापासून. पलंग तुमचा ना!"

धाकटीने आईकडे पाहिलं. आई छताकडे पाहू लागली.

धाकटी पलंगावर बसली. तीच किंचाळी! घरच्या सोफ्याची सख्खी बहीण. पण बसताच ती खोल गेली आणि गादी काही वर आली नाही. कामाची सवय, तिने तळव्याने दाबून पाहिलं आणि कात्री मागितली.

"अगं, अगं! तुमच्यासाठी राखलंय ते!" काकू ओरडली.

पण तोवर प्लॅस्टिक फाटलं होतं, उसवलेल्या खोळीतून पिवळा भुगा भसाभसा जमिनीवर आला, आणि चुलतबहीण शिंकू लागली ती थांबेचना.

काकूचे डोळे भरले. "एक डाग पडू दिला नाही गं मी."

"काकू, तुमची काही चूक नाही. फोम असा कोंडून ठेवला की मरतो. त्याला हवा लागते, वर लोळायला माणूस लागतं."

आई हळूच म्हणाली, "आपल्या सोफ्याचंही असंच झालं असेल?"

"उघडल्याशिवाय कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी कापूस आणला आणि दोघी बहिणी अंगणात गादी भरायला बसल्या. धाकटीने टाचण्या तोंडात धरल्या आणि ओठ न हलवता ओरडली, "दोरा ताण ना! हाताला काय मेंदी लावलीय?"

"मोठी आली शिकवणारी! आधी उठ, पाणी भर. नळ गेला की बसशील बोंबलत!"

धाकटी बादली घेऊन पळत सुटली. तोंडातल्या टाचण्या सांभाळत हसणं सोपं नसतं. पाहुणी हा शब्द त्या दिवसापासून घरातून गेला.

निघताना बहीण म्हणाली, "डावी बाजू माझी, उजवी तुझी. तू नसताना तिथे कुणीही झोपेल. आलीस की उठवीन त्याला."

परदेशातल्या घरी पोचल्यावर आईने अंगातला कोटही न काढता कात्री घेतली.

"अगं, न्यायचाय ना तो?" बाबा कळवळले.

"न्यायचा तर बसून नेऊ."

सोफ्याची एक कड भुगा झाली होती, बाकी शाबूत होता. बाबा टेकले, आणि बॅरिस्टर पहिल्यांदाच वाद न घालता त्यांच्या शेजारी पसरला.

दुसऱ्या दिवशी धाकटी मालकिणीला म्हणाली, "मी राहते. पण दर वर्षी सुट्टी घेऊन जाणार."

"कुठे, घरी?"

"हो. तिकडच्या घरी. तिथे माझी अर्धी गादी आहे."

मालकिणीने खिळेसुद्धा काढले नाहीत. "मग उभी काय? त्या खुर्चीचं जुनं कापड सोलायला घे."

पुढे दुकान धाकटीकडे आलं. मालकीण दाराशी बसून शेवटपर्यंत तिच्या टाक्यांना नावं ठेवत राहिली. बाबांनी दर वर्षी 'ह्या उन्हाळ्यात नक्की' म्हणत त्याच सोफ्यावर म्हातारपण काढलं. आईने दोन्ही घरी चपलांचा एकेक जोड ठेवला. परत जायच्या बाता ऐकून सगळ्यात जास्त हसणारा बॅरिस्टरच कायमचा परत गेला, आणि चहाच्या डागांसकट सोफा घेऊन गेला. काकूने नव्या फ्रिजला प्लॅस्टिक घातलंच.

आणि चुलतबहीण? ती लग्न करून तिसऱ्याच देशात गेली. एकदा फोनवर म्हणाली, "अगं, काय सुंदर सोफा घेतलाय! परत येताना आणणार आहे."

धाकटीने विचारलं, "घरात कात्री आहे का?"