न दिलेली हाक

धाकूचा डावा डोळा कुणी फोडला हे पेणकरपाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल, आणि वर छाती फुगवून सांगेल. समरजीतने. पडद्यावर ज्याच्या आवाजाने थिएटरं दणाणतात, त्या समरजीतने स्वतःच्या हाताने. धाकूच्या घरी जणू देव येऊन गेला अशा थाटात लोक बोलत. डोळा गेला त्याचं सोयरसुतक कुणाला नव्हतं.

धाकू मूळचा रत्नागिरीकडचा. वीस वर्षं त्याने भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काढली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तो पंचेचाळिशीचा होता, आणि त्या वयाच्या माणसाला दुसऱ्या कारखान्याचा वॉचमन गेटच्या आतही घेत नाही. शेवटी गाववाल्या दत्तारामने त्याला उत्तनच्या पुढे, डोंगरावरच्या गोल्फ क्लबात चिकटवून दिलं. काम कॅडीचं. साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी वाहायची, नाहीतर पुढे जाऊन उभं राहायचं आणि मारलेला चेंडू कुठल्या गवतात पडतो त्यावर नजर ठेवायची.

या पुढे उभ्या राहणाऱ्याचा जीव एका शब्दावर असतो. चेंडू वाकडा सुटून माणसाकडे निघाला, की मारणाऱ्याने ‘फोर’ म्हणून ओरडायचं. ते ऐकलं की कॅडी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसतो. ज्यांना धड काठी धरता येत नव्हती ते मीरा रोडचे बिल्डरसुद्धा हा नियम पाळत. भाईंदरचे व्यापारी तर चेंडू उडायच्या आधीच बोंब ठोकत.

समरजीत आला ती दोन हजार सहाच्या जानेवारीतली सकाळ. त्याची पिशवी दत्तारामकडे होती आणि धाकू पुढे. सहाव्या होलपर्यंत सगळं सुरळीत चाललं. सातव्याला समरजीतच्या मित्राने कॅमेऱ्याचा नवा मोबाइल काढला. समरजीत फोटोसाठी अर्धा वळला, हसला आणि हसता हसताच त्याने काठी फिरवली. धाकू लांबून एवढं बघून नेहमीप्रमाणे समोरच्या गवताकडे वळला होता. त्याला टक् असा आवाज आला. मग मित्रांचं हसणं ऐकू आलं. त्या दोन्हींच्या मधे दुसरं काही नव्हतं. त्याने मान वळवली तोच चेंडू आला.

समरजीतने त्याला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, हे खरं आहे. खर्चही केला, कुणी नाही म्हणत नाही. स्ट्रेचरवरच्या धाकूच्या खांद्यावर हात ठेवून तो उभा राहिला आणि तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. खाली छापलं होतं की समरजीत यांनी जोरात ओरडून सावध केलं होतं, परंतु दुर्दैवाने कामगाराला ऐकू गेलं नाही.

मुलाने, अनिशने, ते दवाखान्यात वाचून दाखवलं. धाकूच्या अर्ध्या तोंडाला पट्टी होती. तो म्हणाला, "तो ओरडला न्हाय."

अनिश नवघरला मोबाइलच्या दुकानात कामाला. त्याने बापाची समजूत काढली, की बाबा, कारखान्यात वीस वर्षं ठोकाठोकी ऐकलीत, कानावर परिणाम होतोच. आणि समरजीतचा आवाज! तो ओरडला असेल तर उत्तनच्या होड्यांपर्यंत गेला असेल. मग त्याने तो फोटो मोठा करून दुकानात काचेखाली लावला.

या कारखान्याच्या गोष्टीनेच धाकूचा घात केला. ज्याला त्याला ती पटायची. वास्तविक त्याच कारखान्यात धाकूच्या कानांची मिजास होती. पत्र्याला केसाएवढी चीर असली तरी ठोक्याच्या आवाजावरून तो ते भांडं बाजूला काढायचा, आणि शेठ स्वतः त्याला बोलावून घ्यायचा. पण शेठ गुजरातला निघून गेला होता, आणि बंद पडलेल्या कारखान्यातली मिजास कोण विचारतो?

पट्टी निघाल्यावर धाकू आधी दत्तारामकडे गेला. दत्ताराम समरजीतच्या शेजारीच उभा होता, त्याला ठाऊक असणार. दत्तारामने आधी कानावर हात ठेवले; म्हणे मी पिशवीत वाकलो होतो. महिन्याभराने समरजीतने दुसऱ्या क्लबांतही पिशवी वाहायला त्यालाच कायम मागून घेतलं, तेव्हा त्याची आठवण एकदम ताजी झाली. ओरडला होता, म्हणाला, दोनदा ओरडला होता. धाकूने त्या दिवशी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मग या भल्या माणसाने काय करावं? सरकारी दवाखान्यात जाऊन, दिवसभर रांगेत बसून, त्याने कान तपासून घेतले. दोन्ही कान उत्तम असल्याचा कागद मिळाला. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून धाकू क्लबच्या मॅनेजरपुढे उभा राहिला. त्याला काही मागायचं नव्हतं. एका डोळ्याने चेंडू दिसत नाही हे त्यालाही कळत होतं, आणि क्लबने त्याला गेटवर बसवलंही होतं. त्याला एवढंच हवं होतं, की हाक दिली नव्हती हे कुणीतरी एकदा म्हणावं. मॅनेजरने कागद उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं, की कान आत्ता चांगले आहेत, त्या दिवशी वारा असेल.

एक सुगंधा तेवढी नवऱ्याच्या बाजूने होती. शेजारच्या हंसाबेनने एकदा सहज म्हटलं, की बिचारे ऊंचा सुनते हैं ना. नवऱ्याला बहिरा म्हटल्यावर सुगंधाने तिला दारातच झापलं. यांच्या कानाचं मला सांगू नका, म्हणाली, गल्लीच्या तोंडाशी माझी चप्पल वाजली की हे आत चहा टाकतात. घरी येऊन ती धाकूला म्हणाली, "तुम्ही म्हणताय ना नाही ओरडला, मग नाही ओरडला. जग गेलं उडत." त्या एका वाक्यावर धाकूने वर्ष काढलं. खोटं कशाला बोला, त्याच्यावर तो जगलाच.

पुढच्या जानेवारीत समरजीत पुन्हा आला. या वेळी क्लबात मोठी स्पर्धा होती, टीव्हीवाले होते. मॅनेजरने धाकूला नवा शर्ट दिला आणि हिरवळीवर आणून उभं केलं. समरजीत हसत आला. माइकसमोर त्याने आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात सांगितलं, की मी जीव तोडून ओरडलो होतो, पण नशिबापुढे कुणाचं चालतं? तेव्हापासून हा माझा भाऊ आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समरजीतने धाकूला मिठी मारली आणि गाल त्याच्या कानाशी नेला. माइक दूर होता.

"मैं चिल्लाया नहीं था, चाचा," तो अगदी हळू म्हणाला. "फोटो के चक्कर में था. माफ करना."

वर्षभर ज्याच्यासाठी तो दारोदार फिरला होता ते त्याच्या कानात पडलं होतं, आणि खुद्द मारणाऱ्याच्या तोंडून. समरजीत मागे सरू लागला तसा धाकूने त्याचा हात घट्ट धरला.

"साहब, जोर से बोलो ना," तो म्हणाला. "एक बार जोर से बोलो."

समरजीतच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर थिजलं. पण नट तो नटच. त्याने धाकूच्या पाठीवर थोपटलं आणि कॅमेऱ्याकडे वळून हळहळत सांगितलं, "देखिए, आज भी ऊंचा सुनते हैं बेचारे."

सगळ्यांना वाईट वाटलं. एक बाई तर डोळे पुसत होती.

धाकू संध्याकाळी घरी पोहोचला तोवर टीव्हीवर ते तीनदा दाखवून झालं होतं. अनिशने दुकानातून आईला फोन करून चॅनल सांगितलं होतं, आणि सुगंधाने हंसाबेनच्या घरात बसून सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. धाकूने चपला काढल्या आणि पाणीही न पिता तिच्यासमोर बसला. कानात काय ऐकलं ते त्याने तिला शब्द न् शब्द सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. पदराने ताट पुसत राहिली.

मग ती जवळ सरकली, त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "असू दे हो. गर्दीत नीट ऐकू आलं नसेल तुम्हाला. जेवून घ्या."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. एवढ्या मोठ्याने ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती.