ढोलीच्या तोंडाचा चिखल

व्हर्नाच्या सासरचा, पास्को घराण्याचा, एक जुना नेम होता: ढोलीच्या तोंडाशी पाकोळ्यांनी चिखल लिंपला, की त्या वर्षी त्या झाडाला करवत लावायची नाही. चिखल नसेल, तर झाड चुलीचे.

यंदा पाऊस नव्हता, आणि मरे नदीपासून दूर असलेल्या त्यांच्या माळावर चिखलही नव्हता. ऑगस्टबरोबर तिथला हिवाळा सरला, उत्तरेकडून पाकोळ्या परतल्या, वठलेल्या निलगिरीभोवतीचे आकाश विणू-उसवू लागल्या. पण ढोलीतल्या घराचे दार लिंपून लहान करायला त्यांना ओली माती मिळेना. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्नाचा दीर क्लेम सरपणासाठी तेच झाड तोडायला यायचा होता.

पतीच्या माघारी या पाखरांचे येणे हाच व्हर्नाचा वसंत होता. तिने संध्याकाळी न्हाणीचे पाणी बादल्या भरभरून झाडाखाली ओतले. पाकोळ्या उतरल्या, चोची भरल्या, उडाल्या; आणि ढोलीच्या कडेवरून तो चिखल पुन्हा पुन्हा घसरून पडत राहिला.

सकाळी क्लेमने मान वर करून पाहिले.

"ढोली कोरडी आहे, व्हर्ना."

"पाखरं आलीत की! दिसत नाहीत?"

"दिसतात. चिखल दिसत नाही. नेम तुझ्याच नवऱ्यानं माझ्याकडून पाठ करून घेतलाय." तो वाकला, चिमूटभर माती हुंगली, आणि त्याच्या मिशा थरथरू लागल्या. "लॅव्हेंडर? अगं, पाखरांना घर बांधून देत होतीस की आंघोळ घालत होतीस? साबणाचा चिखल कुठं धरतो होय!"

"हस, हस. घरच्या टाकीच्या तळाशी वीतभर पाणी उरलंय. चांगलं कुठून आणू?"

क्लेमने करवतीकडे पाहिले, मग झाडाकडे. त्याच्या पिकअपवर वणवा विझवायची टाकी होती, नदीच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. तो सावकाश गाडी झाडाखाली घेऊन गेला आणि तोटीवर हात ठेवून उभा राहिला.

"ही तोटी मेली गळतेय कालपासून," तो म्हणाला, आणि ती पुरती उघडली.

"निष्काळजी कुठला!" व्हर्ना म्हणाली. तिचे डोळे मात्र हसत होते.

माती प्याली, फुलली. एक पाकोळी उतरली, मग अनेक. पांढऱ्या कमरांची ती लगबग खालून वर, वरून खाली वाहू लागली. आणि ढोलीच्या ओठावर पहिला काळा गोळा बसला. दोघे पाहत राहिले. तो घसरला नाही.

क्लेमने करवत गाडीत टाकली.

"आता पुढच्या हिवाळ्यात मी काय जाळू?"

"माझ्या चुलीपाशी येऊन बस."

"मटण भरलेली पेस्ट्री मिळेल रोज?"

"रोज नाही," व्हर्ना वर बघत म्हणाली, "तुझी तोटी गळेल त्या दिवशी."