बाकी नऊ

“बाकी?” वडिलांनी डोळे मिटूनच विचारलं.

“एक लाख बारा हजार सहाशे पाच.”

वाचून दाखवलेले आकडे मनात धरून त्यांनी बोटांवर आकड्यांच्या बेरजा करत नवाचा ताळा केला, “जुळला,” म्हणाले आणि खुर्चीत सैलावले. मुलीने भाजकावर काट मारली.

संख्या त्रेपन्न आकडी होती. एका जुन्या पुस्तकात तिच्याखाली छापलं होतं : संयुक्त आहे, अवयव अज्ञात. म्हणजे फुटणार हे नक्की, कशाने ते कुणालाच ठाऊक नाही. जमीन मोजणीच्या कचेरीत आकडेमोडीत जन्म काढलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं. चौदा वर्षं बापलेक एकेक मूळ संख्या घेऊन तिला भाग देत होते. एकाने भागायचं, दुसऱ्याने ताळा करायचा. बाबांची नजर गेल्यापासून भागणं सगळं तिच्याकडे आलं होतं. दादाने एकदा कॉम्प्युटरचं नाव काढलं, तर बाबा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

दादा त्यांना न्यायला केव्हाचा तयार होता. पण बाबांचा एकच हेका : “हा आकडा फुटला, की मी दादाकडे. मग तू मोकळी.”

आज तिला मोकळं व्हायचंच होतं. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढल्यावर तिला दुसऱ्या शहरातल्या शाखेची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. पाचपर्यंत होकार कळवायचा होता आणि चार वाजून गेले होते. वय त्रेचाळीस, पुन्हा कोण विचारतंय?

आणि संख्या तर नऊ वर्षांपूर्वीच फुटली होती, तिच्याच हातून. आई जाऊन दोन महिने झाले होते, बाबांनी अंथरूण धरलं होतं. उठायचे ते फक्त या भागाकारांच्या वहीसाठी. एका दुपारी एक लाख चार हजार सातशे एकोणतीसने निःशेष भाग गेला. तिने पुन्हा भागून पाहिलं, बाकी शून्यच. हे सांगितलं तर उद्या हा माणूस उठेल कशाला? तिने बाकी नऊ लिहिली. नवाच्या ताळ्यात नऊ सोडूनच देतात, त्यामुळे नऊ काय नि शून्य काय, सारखंच. बाबांनी ताळा केला आणि तो जुळला. जरा सावरले की सांगू, म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली.

“बाबा,” ती म्हणाली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

बाबा हसले, डोळे पाण्याने भरले. “माझ्या ताळ्याला चकवलंस? वस्ताद आहेस! त्या वर्षी मी गेलोच असतो गं.” त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. तिलाही रडू फुटलं. किती वर्षांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं.

“मग दादाला फोन लावू?”

“लाव की. आधी भागाकार वाच.”

तिने वाचला. अठ्ठेचाळीस आकडे.

“हा मूळ आहे?”

“ते कुणाला माहीत!”

“मग फुटला कुठे? एक टवका उडाला फक्त.” बाबा ताठ बसले. असे ते कितीतरी दिवसांत बसले नव्हते.

“पण बाबा, नऊ वर्षं फुकट गेली ना आपली...”

“छे! एक दिवस वाया नाही गेला. जे भाजक त्या मोठ्याला लागले नाहीत, ते याला कसे लागतील? झालेलं सगळं जमेस धरायचं. तेवढा तुझा लबाड भाजक याला परत लावून बघ, की आपण होतो तिथूनच पुढे.”

तिने त्यात खोट शोधली. सापडली नाही. गणित चोख होतं. इतकी वर्षं तिला वाटायचं, अगदीच असह्य झालं तर सांगून सुटता येईल. आता सांगूनही झालं होतं.

तिने नवं पान घेतलं, अठ्ठेचाळीस आकडे मांडले आणि भागायला लागली. निम्म्यावर आली तेव्हा घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

“दमलीस का गं?”

“नाही,” ती म्हणाली आणि तिने पुढचा आकडा खाली घेतला.