कालची तारीख न उमटवलेला शिक्का

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, मित्रांनो. आयर्लंडमधल्या नास गावी, गरिबांचे खटले फुकट लढवणाऱ्या एका वकिली केंद्रात माझे आयुष्य गेले. माझ्या पोटात दिवस, महिना आणि वर्षाची चाके आहेत. रोज सकाळी रिसेप्शनवरच्या योगिनीताई मला एक दिवस पुढे फिरवतात. नवा होतो तेव्हा अक्षरे किती रेखीव म्हणून माझे कौतुक होई. पुढे कडा झिजल्या, मूठ सैल झाली, गादीत नवी शाई आठवडेच्या आठवडे पडेनाशी झाली. वाईट वाटले का? नाही. दिवसाला शंभर ठोके खाणाऱ्या रबराला वाटायचे तरी काय?

आमच्या भार्गवीचेही तसेच झाले होते. पुण्याची ही मुलगी शिक्षणासाठी मोठे कर्ज काढून इथे वकील झाली. एका धर्मादाय न्यासाचा नियम असा, की अशा केंद्रात सलग पाच वर्षे राबा, दरवर्षी मुदतीत केंद्राचा शिक्का मारलेला अर्ज द्या, कर्ज माफ. एक वर्ष चुकले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तिची चार झाली होती.

पाचव्या अर्जावर जामीनदार म्हणून वडिलांची सही हवी होती. "सही करून आजच केंद्रात द्या," असे सांगून ती एका बाईच्या घराच्या सुनावणीसाठी दूर शॅनन गावी गेली. योगिनीताईंनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. अर्ज घेऊन तिचे वडील उल्हासराव, जे इथे तिच्याजवळच राहत, आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

"काल अमावास्या होती गं," ते लेकीला म्हणाले. "म्हटलं, एवढं शुभकार्य, एक रात्र देवापुढे राहू दे. कपाटातल्या, इथल्या भाषेत प्रेसमधल्या, देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहून."

"बाबा, काल शेवटची तारीख होती."

उल्हासराव मटकन खुर्चीत बसले. एरवी हा माणूस अभंग गुणगुणल्याशिवाय बसत नसे.

योगिनीताईंनी मला उचलले. "अगं, एक खटका मागे! कोण बघतंय? सगळं ठीक, ग्रँड होईल!" त्यांनी चाक फिरवले. माझ्या तोंडावर कालची तारीख आली.

भार्गवीने मला हातात घेतले.

"काल शॅननच्या त्या बाईंचं घर कशावर वाचलं, ताई? घरमालक म्हणत होता, तिचं पत्र मुदतीनंतरचं आहे. मी ते पत्र केंद्रातून पाठवताना प्रतीवर मारलेला हाच शिक्का दाखवला. म्हटलं, आमचा शिक्का खोटं बोलत नाही."

"अगं, पण तुझी पाच वर्षं?"

"चारच."

तिने चाक पुढे केले आणि मला अर्जावर दाबले. आजची तारीख. सोबत खरे काय घडले ते चार ओळींत लिहिले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. न्यासाला खेद होता. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तिने पत्राची घडी घातली आणि पुढची फाईल उघडली. रडली नाही.

"मी देवाला काय तोंड दाखवू?" त्या दुपारी उल्हासराव म्हणाले.

"देवानं कुठं थांब म्हटलं होतं, बाबा? चहा घ्या, गार होतोय."

मित्रांनो, माझ्यासारख्या लहान वस्तूंना पुसत जा, शाई देत जा. कुणाचे घर आमच्यावर टेकलेले असेल, सांगता येत नाही. आणि अशी एखादी भार्गवी तुम्हाला भेटलीच, तर तिला थोर म्हणू नका. तिच्यासाठी खुर्ची ओढा. ती फार दमली आहे.