पाहणाऱ्यानं हात लावायचा नाही

तिनं दार उघडून आत पाहिलं. तीन वर्षांची पोरगी जेवणाच्या टेबलावर उभी राहून स्वतःभोवती गरागरा फिरत होती, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर सासरे हात मागे बांधून तिच्याकडे टक लावून बसले होते.

पिशवी दारातच टाकून तिनं झेप घेतली. लेक छातीशी आली, मग आईला तोंड फुटलं.

"बाबा! पडली असती म्हणजे?"

सासरे दचकून उठले. "अगं, मी बघत होतो ना."

"बघत होतात! तेच तर!"

"आई, सोड, मी भोवरा आहे!" पोरगी किंचाळली.

उभा जन्म सासऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या हिस्टामिनमागे घालवला होता. अंगावर खाज उठवणारं हे द्रव्य मेंदूत मात्र जाग राखतं. तिथल्या पेशींवरच्या ठरावीक जागी ते जाऊन बसलं की प्राणी उठतो, हुंगतो, भटकतो. औषधानं ती जागा अडवली की पेंगतो. औषध द्यायचं आणि पेटीपाशी बसून उंदीर कसा वागतो ते पाहायचं, हे त्यांचं काम. पाहणाऱ्यानं बोलायचं नाही, हात लावायचा नाही, नाहीतर उंदराचं वागणंच बदलतं. हात मागे बांधायची सवय तिथली. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "दूध उतू गेलं तरी हे बघत बसतील, कुठवर जातंय म्हणून!"

आता सासूबाई नव्हत्या, आणि सोमवारपासून तिला कामावर रुजू व्हायचं होतं. पोरीला सांभाळायला घरात हेच. आज त्याची तालीम होती. सकाळी पोरीच्या अंगावर गांधी उठल्या, डॉक्टरांनी तेच हिस्टामिन अडवणारं औषध दिलं, गुंगी येईल म्हणाले. झोपलेलं पोर सांभाळायला काय लागतं, असा विचार करून ती जरा बाहेर पडली होती.

"झोपलीच नाही का?"

"उलटं झालं. एखाद्या मुलाला या औषधानं पेंग येत नाही, चेव येतो. ती टेबलावर चढली तेव्हाच माझ्या लक्षात आलं."

"लक्षात आलं आणि बसून राहिलात?"



तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, होतं काही मुलांना, उतरेल, पुढचा डोस देऊ नका, एकटी सोडू नका, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच घेऊन या. फोन ठेवून ती म्हणाली, "ऑफिसात कळवते. सोमवारी जमणार नाही म्हणून."

"कळव," सासरे म्हणाले. "तुझ्या जागी असतो तर मीही माझ्याकडे ठेवली नसती."

आवाजात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात लेक तिच्या हातातून निसटली आणि थेट खुर्चीवरून खिडकीच्या कठड्याकडे. ती "अगं!" म्हणेपर्यंत सासऱ्यांनी पोरीला कमरेला धरून अलगद खाली घेतलं होतं. त्यांचा गुडघा मात्र टेबलाला सणकून आपटला.

"आजोबा, उंदीर व्हा!"

"होतो की. माझ्याइतका खरा उंदीर तुला मिळायचा नाही."

ठणकता गुडघा घेऊन ते जमिनीवर रांगू लागले. नाक हलवत, हुंगत, भिंतीच्या कडेकडेनं. पोरगी हसून हसून लोळली.

"मधे या ना!"

"नवा उंदीर भिंत सोडत नाही, चिमणे. घाबरतो."

"मी आहे ना. या."

ते थबकले. मग हळूहळू, एकेक हात पुढे टाकत, खोलीच्या मध्यावर आले. पोरीनं त्यांच्या पाठीवर थोपटलं, अगदी आई थोपटते तस्सं.

दुपार कलताना औषधाचा जोर ओसरला. पोरगी सतरंजीवर, आजोबांच्या दंडावर डोकं ठेवून झोपली. गांधीही मावळल्या होत्या. सुनेनं वाकून तिचा श्वास पाहिला, ओठ पाहिले, पुन्हा एकदा पाहिले.

"हात अवघडला असेल बाबा. काढून देऊ?"

"नको. उठेल." ते कुजबुजले. "तू फोन करणार होतीस ना?"

"सोमवारी जाताना खुर्च्या आतल्या खोलीत ठेवून जाईन," ती म्हणाली. "टेबल तेवढं आपण दोघांनी मिळून हलवू."

त्यांचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि हललं तर पोरगी उठेल म्हणून ते तसेच पडून होते. तिनं एका बोटानं तो हलकेच वर सरकवला.