टॅनरला द्यायचं की नाही

जूनच्या शेवटी आमच्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये बर्फ नसतो. खाली नुसती सिमेंटची फरशी उरते. तरी वरच्या कॉफीरूममध्ये, काचेजवळच्या टेबलाशी, रोज सकाळी नऊला हॉकी सुरू होते. खेळणारे तिघं, वयांची बेरीज दोनशे सव्वीस. कॉफी मी देते आणि भांडणंही मीच सोडवते. माझं नाव फर्न. एकवीस वर्षं मी ही कॉफीरूम सांभाळतेय. तेवढ्या काळात या तिघांनी नुसत्या गप्पांत आमच्या बायसन संघाचे जितके खेळाडू दिले-घेतले, तितके खऱ्या मॅनेजरला सात जन्मांत जमणार नाहीत.

ऑर्विल धान्याच्या कोठाराचा मॅनेजर होता. आवाज मोठा, माहिती अर्धी. डेल्फिनने तीस वर्षं शाळेची बस चालवली. कुणी थाप मारली की ती काही बोलत नाही, फक्त बघते, आणि समोरचा आपोआप खरं बोलायला लागतो. आणि तिसरा नेस्टर हावरिलुक, एकोणऐंशी वर्षांचा, ज्याच्यासमोर हॉकीबद्दल बोलताना मीसुद्धा दोनदा विचार करते.

टेबलाचा नियम नेस्टरनेच घालून दिला होता. एखाद्या खेळाडूला द्यायचं म्हणालात, की आधी आपल्या क्लबच्या बाजूने बोलायचं. मग उठायचं, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसायचं आणि तो खेळाडू घेणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं. दोन्ही खुर्च्यांतून पटलं तरच सौदा पक्का. ऑर्विलचे दहातले नऊ सौदे दुसऱ्या खुर्चीत पोचेपर्यंतच मोडतात. गुडघे दुखतात म्हणून तो कधीकधी उठायच्या आधीच हार मानतो.

फक्त एका खेळाडूचं नाव या टेबलावर नऊ वर्षांत निघालं नव्हतं. टॅनर. बायसनचा बचावपटू, आमच्या गावचा पोरगा, नेस्टरचा नातू. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण लाज म्हणून काही असतं.

त्या मंगळवारी नेस्टरला यायला उशीर झाला आणि ऑर्विलला चेव आला.

"टॅनरला देऊन टाकायचं," तो म्हणाला. त्याच्या मते तो कुजबुजत होता. "तेहतीस वर्षांचा झाला पोरगा. नव्या पोरांच्या निवडीत तिसऱ्या फेरीतली एक पाळी मिळाली तरी हात जोडून घ्यावी."

"हळू बोल मेल्या," डेल्फिन म्हणाली. "नेस्टर जिन्यात असेल."

"जिन्यात असेल-नसेल," मी म्हणाले, "त्याचा नातू मात्र दारात आहे."

ऑर्विलच्या घशात दालचिनीचा बन अडकला. टॅनर आत आला, त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "तिसरी फेरी, ऑर्विल अंकल? लहानपणी तुमच्या कोठाराची काच फोडली होती, त्याचा राग अजून गेला नाही वाटतं!"

सगळे हसले, पण पोराचा चेहरा ओढलेला होता. बायसन खेळतात ते शहर इथून गाडीने चार तासांवर. म्हणजे हा पहाटेच निघाला असणार. मी काही न विचारता त्याच्यापुढे कॉफी ठेवली. तेवढ्यात नेस्टर वर आला, त्याने टोपी काढली आणि नातवाकडे बघून विचारलं, "कोण आजारी आहे?"

"कुणी नाही, गीदो." आमच्याकडच्या युक्रेनी घरांत आजोबांना गीदो म्हणतात. "पायलट्स संघाने मला मागितलंय. आपला क्लब द्यायला तयार आहे. बदल्यात त्यांचा एकवीस वर्षांचा सेंटर, आघाडीचा मधला खेळाडू, येणार, शिवाय दुसऱ्या फेरीतली पाळी. पण माझ्या करारात अट आहे ना, मी हो म्हटल्याशिवाय मला कुठे पाठवता येत नाही. आज बारापर्यंत उत्तर द्यायचंय."

"मग?"

"मी नाही म्हणणार आहे. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

तो नाही का म्हणणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पायलट्स म्हणजे पार पूर्वेला, समुद्राकाठी, वेगळ्या गटात; इकडे ते खेळायला येत नाहीत. गेल्या मोसमात ते करंडकापासून दोन सामने दूर राहिले. टॅनरने तो करंडक कधी हातात घेतलेला नाही, आणि आमचे बायसन पुढची चार वर्षं तरी त्याच्या जवळपास फिरकणार नाहीत. पण नेस्टरच्या कानाचं ऑपरेशन झालंय. विमान कायमचं बंद. नऊ हिवाळे हा म्हातारा शहरातल्या प्रत्येक सामन्याला स्वतः गाडी चालवत गेला. हिमवादळातही गेला, एकदा पोलिसांनी रस्ता बंद केला म्हणून तेवढा एक सामना चुकला. बायको गेल्यावर त्याच्याकडे दुसरं होतं काय? टॅनर पूर्वेला गेला, तर आजोबा त्याला पुन्हा कधी समोर बसून खेळताना बघणार नव्हते.

"शाब्बास!" ऑर्विल म्हणाला. "आपला पोरगा आपल्याकडेच हवा."

"तू गप," नेस्टर म्हणाला. "दोन मिनिटांपूर्वी तिसऱ्या फेरीला विकत होतास, जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. टॅनर, बस. या टेबलाचा एक नियम आहे."

तो बायसनच्या खुर्चीत बसला. हात टेबलावर ठेवले.

"दोन हिवाळे झाले, हा डावीकडे वळताना अर्ध्या पावलाने मागे पडतो. मागे सरकत असताना कुणी त्या बाजूने वेगात आलं की याला आधीच निघावं लागतं. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, पण पुढच्या वर्षी येईल. याच्यामुळे दोन तरुण पोरं बाकावर बसून आहेत. आज दुसरी फेरी मिळतेय. पुढच्या उन्हाळ्यात ऑर्विल म्हणतो ती तिसरीसुद्धा मिळणार नाही. मी बायसनचा मॅनेजर असतो, तर याला आज दिला असता."

डेल्फिनने खाली बघितलं. टॅनरचे कान लाल झाले होते.

"अर्धं पाऊल तुम्हाला दिसलं?" तो म्हणाला. "मी डॉक्टरलासुद्धा सांगितलं नव्हतं."

"मला काय करायचाय तुझा डॉक्टर," नेस्टर म्हणाला आणि उठला. काठी न घेता, टेबलाच्या कडेला हात लावत, तो समोरच्या खुर्चीकडे गेला. तेवढ्यात मला मध्ये बोलावंसं वाटलं, की पुरे झालं, घरी जा दोघं. पण तोवर तो खुर्चीत बसलाही होता.

"आता मी पायलट्सकडचा," तो म्हणाला. "मला हा का हवाय, ऐका. पकची चकती कोपऱ्यात गेली की हा तिच्याकडे जाताना खांद्यावरून दोनदा मागे बघतो. एकदा नाही, दोनदा. नऊ वर्षांत अकरा वेळा चुकला, त्यातल्या चार वेळा ताप होता. त्यामुळे पकपर्यंत पोचायच्या आधीच पुढचा पास कुठे जाणार, हे याचं ठरलेलं असतं. शेवटची चार मिनिटं उरलीत, एका गोलाची आघाडी आहे, अशा वेळी हा बर्फावर असला तर प्रशिक्षकाने खुशाल पाणी प्यावं. याच्या जोडीला पाच पोरं येऊन गेली. पाचही आज मोठ्या क्लबांत आहेत. चूक त्यांची असायची, पत्रकारांसमोर दर वेळी हा म्हणायचा, माझी चूक. अर्ध्या पावलाचं म्हणाल तर याला उजवीकडे खेळवा, डावीकडे एक तरुण द्या. दोन वर्षं आरामात निघतील. करंडकासाठी मला एकच माणूस निवडायला सांगितला, तर मी दुसऱ्या कुणाकडे बघणारसुद्धा नाही."

मी या माणसाला एकवीस वर्षं कॉफी देत होते. मला वाटायचं, म्हातारा नातवाला बघायला जातो, टाळ्या वाजवतो, परत येतो. तो तिथे हे करत होता! पोराच्या मानेचं प्रत्येक वळण मोजत होता, त्याचं सगळं भलंबुरं पोटात साठवत होता, आणि नऊ वर्षांत कौतुकाचा एक शब्द त्याने तोंडातून काढला नव्हता. टॅनरनेही तो आज पहिल्यांदाच ऐकला, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

टॅनर म्हणाला, "दोन्हीकडून झालं. आजोबा म्हणून काय म्हणता?"

"आजोबाला कुठला मॅनेजर विचारतो?"

"मी विचारतोय."

नेस्टरने चष्मा काढून शर्टाला पुसला. "आजोबा म्हणून मला वाईट वाटेल. फार वाईट वाटेल. टीव्हीवर कॅमेरा पकच्या मागे धावतो रे, तू खांद्यावरून बघतोस ते त्यात दिसतच नाही. ते मला पुन्हा दिसायचं नाही. खोटं कशाला बोलू? पण तू माझ्यासाठी थांबलास, तर प्रत्येक सामन्यात मी तुझ्याकडे बघेन आणि मला तो करंडकच दिसेल. त्यापेक्षा तू जा."

टॅनर उठला, म्हाताऱ्याच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि फोन घेऊन खाली गेला. काचेतून आम्हाला तो दिसत होता. त्या कोरड्या फरशीवर, लहानपणी जिथे पहिल्यांदा पडला तिथेच कुठेतरी, तो फोन कानाला लावून चकरा मारत होता. मग थांबला. वर बघून त्याने होकाराची मान डोलावली.

तो निघून गेल्यावर मी सगळ्यांचे कप पुन्हा भरले. नेस्टर लहानपणी रेडिओवर बायसनचा पहिलावहिला सामना ऐकत झोपला होता, तेव्हापासून हा क्लब त्याचा. त्याला धीर द्यायला ऑर्विलच पुढे सरसावला.

"तो सेंटर चांगला आहे बरं का," तो म्हणाला. "आणि बचावाचं बघू काहीतरी. आपला बचाव काही इतका—"

"तुमचा," नेस्टर म्हणाला.

"काय?"

"तुमचा बचाव. मी आता पायलट्सचा."

आणि मग त्याने पायलट्सच्या बाजूने बायसनच्या बचावातली भोकं एकेक करून सांगायला घेतली. एकही सोडलं नाही.