वळणावर कोण हललं?

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो, आणि म्हातारपण लपवण्यात मला काडीचा रस नाही. मोटारसायकलचं मागचं चाक मी जन्मभर सांभाळलं. आता टायरच्या दुकानाबाहेर एका खांबाला टेकून उभा आहे. माझ्या गालावर पांढऱ्या रंगाने 'पंक्चर' एवढंच लिहिलंय, 'काढून मिळेल' लिहायला रंग पुरला नाही. येणारे-जाणारे सवयीने मला एक लाथ मारतात. मारोत बापडे. माणसांकडून याहून जास्त अपेक्षा मी कधी ठेवलीच नव्हती.

माझा जन्म एका तापलेल्या साच्यात झाला. बाहेर पडलो तेव्हा अंगभर रबराचे बारीक केस होते. नव्या टायरला ते असतातच, पण माझे इतके दाट होते की कारखान्यातल्या तपासनिसाने आधी मला कंगवा दिला आणि मग पास केलं. विश्वास बसत नसेल तर राहू द्या. शहाण्यांसाठी मी बोलतच नाहीये.

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्याने. दिवसभर हा माणूस लोकांना खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा आणि विचारायचा, "आता स्पष्ट दिसतंय?" स्वतःच्या बुडाखाली काय आहे ते मात्र त्याला कधी दिसलं नाही. माझ्या गालावर माप लिहिलेलं होतं, मी भार किती पेलतो ते होतं, कोणत्या वर्षी बनलो तेही होतं. त्यातलं एक अक्षरही न वाचता त्याने मला घेतलं. का? तर म्हणे अक्षरं ठळक आहेत! पाटीचा रंग बघून दवाखान्यात शिरणाऱ्यांची जात ही.

तरीही मी इमानाने राबलो. तरुणपणी माझी पकड काय सांगू तुम्हाला! एकदा भर उन्हात त्याने असा ब्रेक दाबला की माझी नक्षी डांबरात उतरली. मागून येणारा एक सायकलवाला त्या खाचेत अडकला तो थेट शहराबाहेरच निघाला. अजून परतला नाही, असं ऐकतो.

आणि माझी काळजी? हवा तपासायची मालकाची पद्धत एकच. बुटाने मला एक टोला द्यायचा आणि "ठणठणीत आहे" म्हणायचं. डोळे तपासायला आलेल्या माणसाला असाच एक टोला देऊन त्याने चष्म्याचा नंबर काढला असता, तर लोकांनी दुकान उलथून टाकलं असतं. सुट्टीच्या दिवशी मात्र गालांना चकाकी आणणारं तेल चोळायचा. गालाला तेल आणि पोटात हवा नाही! असले लाड शत्रूच्याही वाट्याला येऊ नयेत.

घर ते दुकान रस्ता सरळसोट. त्यामुळे मी मधोमधच झिजत गेलो. गोल होतो तो पाटासारखा सपाट झालो. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज तिथवर पोचली की टायर संपला, इतका सोपा हिशेब. माझे उंचवटे केव्हाच उघडे पडले होते. त्याला ते दिसले नाहीत, त्याच्या बायकोला दिसले.

ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस. दर रविवारी दोघं माझ्यावर बसून शहराबाहेरच्या तळ्यावर जायची, तेवढ्याच दिवशी मला वळणं भेटायची. एका रविवारी बसण्याआधी ती खाली वाकली आणि म्हणाली, "अहो, हा मागचा टायर तुमच्या डोक्यासारखा झालाय. बदला आता."

"अजून एक उन्हाळा सहज काढेल."

"डोकं की टायर?"

तो हसला आणि त्याने किक मारली. हसणं ही त्याची दुरुस्तीची पद्धत होती.

त्याच रविवारी पेट्रोल पंपाच्या वळणावर गाड्या धुतलेलं पाणी रस्त्यावर आलं होतं. त्याने गाडी वाकवली. मी धरायचा प्रयत्न केला, पण धरायला नखं लागतात आणि माझी तर कधीच झिजली होती. आम्ही तिघं आडवे झालो. तिचं कोपर सोलून निघालं, गुडघा फुटला. आमच्या वीराने आधी गाडीचा आरसा उचलला, मग बायकोला.

माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?"

"ही हलली मागे. वळणावर हलतात का कधी?"

ती रक्त पुसत होती. त्याला वाटलं, पचलं. मग काय, जो भेटेल त्याला तो तेच सांगत सुटला. शेजाऱ्यांना, गिऱ्हाइकांना, तिच्या भावाला. तिच्या आईला तर फोन करून सांगितलं, "आई, जरा समजवा हो तिला, मागे बसून फार हलते ती." जी बाई दिवसभर तोंड वासून बसलेल्या लोकांना "हलू नका" सांगते, तिच्याविषयी!

त्यानंतर ती माझ्यावर बसली नाही. रविवारी तो मोटारसायकलने तळ्यावर जायचा आणि ती बसने. दोघं एकाच बाकावर शेजारी बसायची, एकाच पुडीतले दाणे खायची, आणि परत येताना पुन्हा हा इकडून, ती तिकडून. याच्याइतकी मूर्ख सहल मी पाहिली नाही, आणि मी पुष्कळ मूर्ख माणसं वाहिली आहेत.

शेवटी एकटं जाऊन जाऊन त्याला करमेना. त्याने निष्कर्ष काढला, "हिला भीती बसलीय. नवे टायर टाकले की बसेल." टायर बदलायचा निर्णय बरोबर. कारण शंभर टक्के चुकीचं.

सल्ल्याला त्याने कुणाला आणावं? तिच्या धाकट्या भावाला. हा गाद्यांच्या दुकानात विक्रेता. दिवसभर गादीवर बसून बसून त्याला जगातल्या प्रत्येक विषयावर मत फुटलं होतं. टायरवाल्याने मला चाकावरून उतरवून खांबाला टेकवलं, तेव्हा हा पठ्ठ्या मांडणीवरच्या एका भयंकर टायरशेजारी उभा राहून स्वतःचा फोटो काढत होता. त्या टायरच्या अंगावर नांगरटीतल्या ढेकळांएवढ्या रबराच्या गुठळ्या होत्या.

"दाजी, हाच घ्या! काय रांगडा दिसतोय! चिखल, दगड, डोंगर, कुठेही घाला."

"पण आपण डोंगरावर जातो कुठे?"

"असला टायर नाही, म्हणून जात नाही!"

या युक्तिवादावर चष्मेवाला विरघळला. त्याने टायरवाल्याला विचारलं, "तुमचं काय मत?"

"मी मत ठेवत नाही," टायरवाला म्हणाला. "गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी चढवतो."

"आणि एक माप जाड घेतला तर?"

"चढेल. चेनच्या पत्र्याला घासेल थोडा."

"घासू दे," मेहुणा म्हणाला. "घासून घासून करेल की जागा!"

टायर चढवताना त्यावरचा बाण बघून मेहुणा हसला. "बाण कशाला लागतो याला? टायर काय, दोन्हीकडून गोलच!" बाण फिरण्याची दिशा दाखवतो, मित्रांनो. पण जो माणूस ग्राहकाला गादीची उशाकडची बाजू समजावून सांगतो, त्याला हे कोण सांगणार? पुढचा टायर तर दोघांच्या ध्यानातच आला नाही. पुढचं चाक समोर असतं ना, म्हणून दिसत नाही.

गुठळ्यांचा टायर ऐटीत निघाला. जाता जाता मला म्हणाला, "सरक, टकल्या." मी म्हटलं, "जा बाळ. डांबराशी ओळख होऊ दे."

ओळख लवकरच झाली. थोड्याच दिवसांत मालक परत आला, म्हणजे आधी त्याचा आवाज आला. डांबरावर तो टायर असा घोंघावत होता की शेजारच्या न्हाव्याने अर्धी दाढी तशीच टाकून आभाळात विमान शोधलं. चेनचा पत्रा घासून चकचकीत झाला होता. मेहुणा मागे बसून आला होता. उतरल्यावर तो बराच वेळ चालता चालता थरथरत होता.

आणि थोड्या वेळाने बसथांब्याकडून ती आली, टायर बघून घे म्हणून त्यानेच बोलावलं होतं. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत हेल्मेट होतं. मला खांबापासून ते दिसलं. चष्मेवाल्याला दिसलं नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

ती टायरपाशी थांबली. "हा ट्रॅक्टरचा उरलेला का?"

"अगं, पकड बघ याची!"

"मातीत असेल. डांबरावर हा नुसता शेंड्यांवर चालतो. आपण तळ्यावर जातो, तेही चांगल्या रस्त्याने." मग ती टायरवाल्याकडे वळली. "दादा, गाडीच्या पुस्तकात जे माप आहे त्याच मापाचे दाखवा. डांबरी रस्त्याचे. ओल्या रस्त्यावर धरणारे. दोन्ही चाकांना, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेले नकोत."

टायरवाल्याने आतून दोन टायर आणले. दिसायला अगदी साधे, शाळेतल्या बाकांसारखे. तिने गालावरची तारीख वाचली. अंगठा दाबून रबर मऊ आहे का पाहिलं.

"ताई, काही रुबाबच नाही गं याला," भाऊ कळवळला.

"मला याच्याशी लग्न लावायचं नाहीये. आणि तो गुठळ्यांचा तू घरी ने. गादीखाली घाल."

टायरवाला कामाला लागला. मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी सगळं सुरळीत झालं होतं. नवे टायर आले होते, हेल्मेट आलं होतं, ती आली होती. एखाद्या शहाण्या माणसाने तोंड मिटून ठेवलं असतं. पण टायरवाल्याने सहज विचारलं, "ताई, कोपराला काय लागलं?" आणि ती बोलायच्या आत हा बोलला, "वळणावर हलली ना ही मागे!"

तिने पिशवीचे बंद आवळले. "माझी बस येईल. निघते मी."

"अगं, पण टायर तर तुझ्याच पसंतीचे घेतले!"

"टायर चांगले आहेत. तुम्ही जा त्यांच्यावरून."

ती वळली. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. काय चुकलं हे त्याला कळलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. म्हणून तर तो चष्मा पुसत बसला.

तेवढ्यात मेहुण्याचे पाय दुखले म्हणून तो माझ्यावर बसायला आला. बसण्याआधी जागा चाचपायची त्याची धंद्याची सवय. त्याचा तळहात माझ्या पाठीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकला, कुठेही न अडकता. तो थबकला.

"हा कोणाचा?"

"यांचाच," टायरवाला म्हणाला. "मागच्या वेळी उतरवला तो. तुम्ही तेव्हा फोटो काढत होता."

मेहुण्याने मला खांबापासून ओढून उजेडात आणलं. खाचा नाहीत, काही नाही, एका ठिकाणी तर आतले धागे डोकावत होते. गादीवाल्याने त्या धाग्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "दाजी, यावर बसवलंत तुम्ही माझ्या बहिणीला?"

"थोडा झिजला होता..."

"थोडा? अहो, याच्यावर माशी बसली तरी घसरेल!"

ती थांबली होती, पण मागे वळली नव्हती. टायरवाल्याने हवा भरायचं यंत्र बंद केलं.

चष्मेवाल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे नीट पाहिलं. मला विकत घेतल्यापासून पहिल्यांदा.

"ती हलली नव्हती," तो म्हणाला. "टायर गेला होता. हिने त्याच सकाळी सांगितलं होतं, बदला म्हणून."

"माझ्या भावाला कळलं," ती न वळताच म्हणाली. "आईला कोण सांगणार?"

त्याने खिशातून फोन काढला. काढताना एवढा वेळ लावला की तेवढ्यात दोन चाकं उतरवून झाली असती. सासूबाईंना कमी ऐकू येत असावं, कारण त्यांचं बोलणं मला फोनबाहेरही स्पष्ट ऐकू आलं.

"आई, ते... त्या दिवशी पडलो ना आम्ही... ही हलली नव्हती. माझाच टायर गुळगुळीत झाला होता."

"मला काय सांगता? तिला लहानपणी फोटोला उभी केली की फोटोवाला म्हणायचा, बाळ, श्वास तरी घे! ती हलेल होय? तिला सांगितलंत का हे?"

"इथेच आहे ती."

"मग फोन ठेवा आणि तिच्याशी बोला."

ती परत आली. तिने पिशवीतून हेल्मेट काढलं. टायरवाल्याने हवा मापकाने मोजून भरली आणि बजावलं, "नवं रबर आहे, साच्याचा तुळतुळीतपणा जाईपर्यंत निसटतं. सुरुवातीला हळू जा, वळणावर जास्त वाकवू नका."

तो इतका हळू निघाला, इतका हळू, की खांद्यावर गुठळ्यांचा टायर घेऊन पायी निघालेला मेहुणा त्यांना कोपऱ्यापर्यंत मागे टाकून गेला. ती मागे ताठ बसली होती. हात त्याच्या खांद्यावर नव्हता, सीटच्या मागच्या दांड्यावर होता. कोपऱ्यापर्यंत तरी तो तिथेच होता. पुढचं मला दिसलं नाही. न पाहिलेलं सांगायची मला सवय आहे, पण एवढी एक गोष्ट मी बनवून सांगणार नाही.

तर मित्रांनो, तुमच्यातले निम्मे जण उद्या अक्षरं ठळक बघून टायर घेतील आणि उरलेले गुठळ्या मोजून. मी काही तुमच्या पाया पडणार नाही, मला पाय धरायला हात नाहीत. एवढंच सांगतो. आपण कुठल्या रस्त्याने जातो ते आधी आठवा आणि मग दुकानात शिरा. महिन्यातून एकदा जमिनीवर बसा, टायरच्या खाचेत बोट घाला, हवा मापकाने मोजा. कपडे मळतील. मळू द्या. आणि घरचं कुणी म्हणालं की टायर गेला, तर वाद घालू नका. तुम्ही आपले ऐटीत पुढे बघत असता. मागचा टायर गेलेला मागे बसलेल्यालाच आधी कळतो.